एकदाच लागलेली जाहिरात

जाहिरातीच्या धंद्यात काही जण वस्तू विकतात आणि काही जण बक्षिसं मिळवतात. राजमती चौगुले दुसऱ्या जातीची होती, आणि आपण पहिल्या जातीचे आहोत असं सोंग ती फार झकास वठवत असे. 'हाकाटी' नावाच्या मुंबईच्या एजन्सीत ती क्रिएटिव्ह डायरेक्टर होती. ऑफिसात तिला सगळे 'राज' म्हणत. राजमती हे नाव फक्त आधार कार्डावर आणि सांगलीकडच्या तांबवडी गावात उरलं होतं.

ते दिवस धंद्याला वाईट होते. जाहिराती लिहायला यंत्रं होती. ती रोज लाखांनी लिहीत आणि बऱ्यापैकी लिहीत, हेच खरं दुखणं. शिवाय लोकांनी नवे चष्मे घ्यायला सुरुवात केली होती. चष्मा डोळ्यांवर चढवला की रस्त्यावरचे सगळे फलक कोरे दिसत. कानातल्या यंत्रांचंही तसंच, जाहिरात लागली की ती आपोआप मुकी होई. म्हणजे एका बाजूला जाहिरातींचा महापूर, आणि दुसऱ्या बाजूला गावच्या गाव कानाडोळा करून बसलेलं. परिसंवादांत राज म्हणायची, "आपण बहिऱ्यांच्या गल्लीत बँड वाजवतोय." टाळ्या पडायच्या, मग चहा व्हायचा.

एका परिसंवादात टाळ्या संपल्यावर एक किरकोळ अंगाची बाई तिच्याजवळ आली. पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेची प्रमुख, डॉ. वृंदा काणेकर. ती म्हणाली, "डोळ्यांना चष्मे आहेत, कानांना बोळे आहेत. नाकाचं काय? श्वास घ्यायचं कोण थांबवणार?"

राजच्या अंगावर काटा आला. एवढं चांगलं वाक्य आपल्याला सुचलं नाही, याचाही तो काटा होता.

पुढच्याच आठवड्यात ती पुण्याला गेली. वृंदाबाईंनी फळ्यावर चित्रं काढून नीट समजावून सांगितलं. माणसाच्या काखेतला घाम म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. भ्यायलेल्या माणसाच्या घामाचा बोळा दुसऱ्याच्या नाकाशी धरला, तर त्याला वास म्हणून काही जाणवत नाही, पण त्याची छाती धडधडायला लागते. भीती हवेतून जाते. वृंदाबाईंनी भीती सोडून दिली आणि चढाई धरली. कबड्डीचे खेळाडू चढाईला निघण्याआधी रेषेवर उभे असतात, त्या क्षणी त्यांच्या काखेला लावलेल्या कापसातून त्यांनी काही रेणू वेगळे काढले आणि ते प्रयोगशाळेत बनवले. हे रेणू नाकात गेले की निरोप थेट मेंदूच्या जुन्या, जनावराच्या वेळच्या भागात पोचतो. विचार करणाऱ्या भागाला त्याची खबर उशिरा लागते.

"अगदी थोडं सोडलं तर माणूस उत्साही होतो," वृंदाबाई म्हणाल्या. "त्याहून जास्त सोडलं तर भांडखोर होतो. आणि त्याच्याही पुढे..."

इथपर्यंत राजचं लक्ष होतं. मग तिला सुचलं. 'धडक' नावाचं एक नवं पेय बाजारात यायचं होतं आणि त्याची जाहिरात 'हाकाटी'कडे होती. मैदानावर एक फलक उभा करायचा, त्यावर चढाईला निघालेला खेळाडू, खाली एकच शब्द: घुस! आणि फलकातून हा फवारा. बघणाऱ्याला वाटणार, शब्दानंच आपलं रक्त उसळलं! तिनं पेन काढलं आणि ती लिहायला लागली. वृंदाबाई पुढे सांगत राहिल्या: हे प्रमाण मोकळ्या हवेसाठी आहे, बंदिस्त जागेत वापरायचं नाही, पेटलेली माणसं स्वतःच घामातून तेच रेणू सोडू लागतात आणि एकाचं दुसऱ्याला लागतं, हवेत फार झालं तर ते तोंडावाटे फुप्फुसातूनही रक्तात उतरतं. राज मान डोलवत होती. क्रिएटिव्ह माणसं निम्मं ऐकतात आणि उरलेलं आपल्याला कळलंच आहे असं धरून चालतात. तिच्या हाताखालच्या पोरांना ती हाच गुण म्हणून शिकवत असे.

फलक तयार झाले. मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर ते लावायचे ठरले आणि सरकारी परवानगीत घोडं अडलं. इकडे वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या जागतिक पुरस्काराची मुदत संपत आलेली. पुरस्काराचा नियम साधा होता: जाहिरात निदान एकदा तरी खरोखर, लोकांसमोर लागलेली हवी. या एका नियमावर धंद्यात एक जुनी, सर्वमान्य चलाखी उभी होती. जाहिरात कुठंतरी कोपऱ्यात, कुणाचं लक्ष नाही अशा गावात एकदा लावायची, चार कॅमेऱ्यांनी तिचं चित्रण करायचं, त्याची दोन मिनिटांची झकपक फिल्म करून परीक्षकांना पाठवायची. बरीचशी बक्षीसपात्र कामं अशीच एक दिवस जगलेली असत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, परीक्षकांनाही, कारण तेही याच आळीतले.

एजन्सीचे मालक अंशुमान सेठना यांनी विचारलं, "कुठलं गाव, राज डार्लिंग?" साठीचा, मृदू आवाजाचा माणूस. घरी ऑर्किड वाढवायचा. त्यानं कुणावर आवाज चढवल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं.

"माझंच," राज म्हणाली.

तांबवडीत तिचा धाकटा भाऊ होता, धन्यकुमार. शाळेत खेळाचा शिक्षक, आणि 'उदय क्रीडा मंडळा'च्या कबड्डी स्पर्धेचा सर्वेसर्वा. तिनं फोन लावला.

"आक्का, तुमची एवढी मोठी कंपनी आमच्या मांडवात कशाला येतीया?"

"खरी माणसं पाहिजेत रे आम्हाला."

"ती हायत की हितं पोत्यानं," तो हसला. "पर काय वंगाळ न्हाई न्हवं? दारूबिरूची जाहिरात असंल तर आप्पा मला घरात घ्यायचे न्हाईत."

"सरबत आहे रे. तू पोरं गोळा कर."

फवाऱ्याबद्दल ती बोलली नाही. बोलली असती तर माणसं जपून वागली असती आणि फिल्म पडली असती.

चौगुल्यांचं घर जैनांचं, आणि नुसतं नावापुरतं नव्हे. आई चुलीत लाकूड सारण्याआधी ते जमिनीवर आपटून झटकायची, एखादी मुंगी असलीच तर पडावी म्हणून. पाणी गाळलेलं, जेवण दिवसाउजेडी. धन्य लहानपणी मुंगळा चावला तर मुंगळ्याला पानावर घेऊन परसात सोडून यायचा आणि मग रडायचा. अशा घरातला पोरगा कबड्डीत मात्र वाघ होता. विलास गुरव त्याचा जोडीदार, शाळेपासूनचा. एकानं चढाई करायची, दुसऱ्यानं कोपरा सांभाळायचा. आता विलास शेजारच्या पेठवाडीच्या संघाला शिकवत होता. दोघांचे संघ समोरासमोर आले की दिवसभर एकमेकांच्या आईबापांचा उद्धार चाले आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत विलास चौगुल्यांकडे पानावर बसलेला असे.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मांडव गच्च भरला. चार कोपऱ्यांत चार फलक उभे राहिले. कॅमेरामन बिपीन वैतागलेला होता. उन्हाची तिरीप मैदानात येत होती, फलकावरचे रंग उडालेले दिसत होते.

"काळं कापड मारा," राज म्हणाली.

शूटिंगवाल्यांच्या हातांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. ऊन नको असलं की काळं कापड मारायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. बघता बघता मांडवाच्या चारी बाजू काळ्या कापडानं बंद झाल्या, वरची फटही झाकली गेली. आत दिवे लागले आणि चित्र कसं देखणं झालं! मोकळ्या मैदानाची बंद पेटी झाली होती आणि ती पेटी त्यांनी कौतुकानं, चारी बाजूंनी ओढून घट्ट केली होती.

राज बाहेर व्हॅनमध्ये पडद्यांसमोर बसली. फवारा सोडण्याचं बटण तिच्याच हाताशी होतं. पहिल्या डावात तिनं ठरल्याप्रमाणे सोडला. माणसं जरा सरसावून बसली, शिट्ट्या वाढल्या. बस्स, एवढंच.

"दिसत नाहीये काही," मांडवाबाहेरून रिमोटनं कॅमेरे फिरवणारा बिपीन हेडफोनमधून म्हणाला. "बघणाऱ्याला कळायला पाहिजे ना."

"थोडं वाढवते," राज म्हणाली, आणि बटण दाबून धरलं.

दुसरा डाव सुरू झाला. पेठवाडीचा एक पोरगा चढाईला आला आणि उदयच्या पोरांनी त्याला धरला. इथपर्यंत खेळ होता. मग ज्यानं पाय धरला होता त्यानं तो सोडलाच नाही. पंचाची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. पायाचा गुडघा उलट्या बाजूला वळला आणि व्हॅनमधल्या स्पीकरवर तो आवाज स्पष्ट आला. पंच धावला. त्यानं शिट्टी टाकून देऊन पोराच्या पाठीत लाथ घातली. पंचानं!

फळ्यांच्या पायऱ्यांवरून माणसं खाली उतरली नाहीत, कोसळली. शाळेचे मुख्याध्यापक एका दूधवाल्याच्या दंडाला चावून लोंबकळत होते. एक बाई पायातली चप्पल नव्हे तर हातातला स्टीलचा डबा शेजारणीच्या तोंडावर हाणत होती, पुन्हा पुन्हा, घासून भांडं स्वच्छ करावं तशी मन लावून. एका म्हाताऱ्यानं बसायची फळी उखडली होती आणि तिच्यातला खिळा पुढे करून तो गर्दीत शिरत होता. कुणी ओरडत नव्हतं. आवाज होता तो फक्त अंगांवर अंगं आदळल्याचा आणि श्वासांचा.

राजला भीती वाटली का? खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी नाही. पहिल्या क्षणी तिला वाटलं, काय फुटेज आहे! वीस वर्षं जे डोळे फक्त चौकटीतून बघायला शिकले होते, ते त्या वेळीही चौकटीतूनच बघत होते. तिसऱ्या पडद्यावर तिला धन्य दिसला. निळा टी-शर्ट, हातात घडीची लोखंडी खुर्ची.

"बिपीन, धन्यावर जा," ती म्हणाली. "क्लोज."

कॅमेरा जवळ गेला. चौकटीत धन्य आला आणि त्याच्यासमोर विलास. विलासचं डोकं आधीच फुटलं होतं, पण तोही धन्याच्या गळ्यावर तुटून पडला होता. धन्यानं खुर्चीचा पहिला घाव त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा कानावर. विलास खाली बसला. धन्यानं त्याला छातीवर गुडघा देऊन उताणा पाडला, खुर्ची मिटली, तिची लोखंडी कड विलासच्या गळ्यावर टेकवली आणि आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं. विलासच्या टाचा मैदानावरची माती उकरत राहिल्या. मग त्या थांबल्या. धन्य थांबला नाही.

तेव्हा राज व्हॅनमधून किंचाळत बाहेर पळाली. तिनं आणि शूटिंगवाल्यांनी बाहेरून कापड फाडलं, वारं आत शिरलं, आणि हळूहळू माणसं जिथल्या तिथं खाली बसली. मग रडण्याचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळच्या आत 'हाकाटी'ची गाडी चारही फलक उचलून घेऊन गेली. बिपीनकडचं चित्रणही गेलं. पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, दोन गावांच्या जुन्या वैरातून दंगल. वैर कधीच नव्हतं. पण लिहायला सोपं होतं. विलास गुरव मेला होता आणि शेकडो लोकांनी धन्यकुमार चौगुलेला मारताना पाहिलं होतं. खून, साक्षीदारांसह.

कोठडीत राज भावाला भेटली. त्याच्या बोटांची कातडी सोलली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं: फवारा, कापड, बटण. "ते तू केलं नाहीस, धन्या. मी केलं. मी कोर्टात सांगणार आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. आप्पांनी अन्न सोडलं होतं, आई देवळातून घरी येत नव्हती, हेही तिनं सांगितलं. तो काही बोलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "आक्का, तू जा."

तिला वाटलं, शरमेनं बोलत नाहीये.

तपास उपनिरीक्षक सुलभा आवळे यांच्याकडे होता. त्यांनी राजचं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मॅडम, इच्छेविरुद्ध कुणाला नशा चढवली असंल आणि त्या भरात त्यानं गुन्हा केला, तर कायदा त्याला माफ करतो. पण सिद्ध करायला लागतंय. हरेक आरोपीची बहीण मला हेच सांगते, माझा भाऊ असा न्हाई. काय तरी हातात द्या."

राजच्या पर्समध्ये फवाऱ्याच्या दोन कुप्या उरल्या होत्या. एक तिनं आवळेबाईंना दिली. ती सरकारी प्रयोगशाळेत गेली आणि उत्तर आलं: कोणत्याही निरोगी माणसाच्या घामात सापडणारी द्रव्यं, मादक पदार्थ नाही. बरोबरच होतं. विष असतं तर सापडलं असतं. हे माणसाचंच होतं.

वृंदाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, मोकळी हवा. तुम्ही लिहीत होता." 'हाकाटी'च्या वकिलांनी त्यांचं तोंड आधीच शिवलं होतं. साक्षीला यायला त्यांनी नकार दिला.

राहिले अंशुमान. राज त्यांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा ते खुशीत होते. "डार्लिंग, बरं झालं आलीस! आपण अंतिम यादीत आहोत. परीक्षक म्हणतात, एवढी अस्सल भावना बऱ्याच वर्षांत बघितली नाही."

"तुम्ही फिल्म पाठवली?"

"मारामारीच्या आधीच कापलीय. फक्त ती सुरुवातीची उसळी ठेवलीय. अत्यंत सुरुचिपूर्ण." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुझ्या भावाचं फार वाईट वाटतं. चांगला वकील देऊ. पण मूळ चित्रण मागू नकोस, ते आता नाहीच आहे."

राज घरी गेली नाही. समुद्राकडच्या कठड्यावर बसून तिनं विचार केला, आणि तिचा विचार नेहमीसारखाच झाला: शब्दांवर कुणी विश्वास ठेवत नाही, दाखवावं लागतं. एक बंद खोली. एक सभ्य माणूस, ज्यानं आयुष्यात कुणाला टपली मारली नाही. एक कुपी. आणि त्याच्यासमोर एक बाई, जी मार खाईल. बघणारी पोलीस अधिकारी, प्रत्यक्ष, त्याच क्षणी. यात कुणी मरू शकतं, हे तिला कळत होतं. मेलीच तर मी मरेन, असं तिनं स्वतःला सांगितलं. आपल्याच नकळत जे केलं ते आता आपण जाणूनबुजून करतोय, हे मात्र तिनं स्वतःला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं अंशुमानना काचेच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. राजीनामा द्यायचाय म्हणाली. ते यायच्या आधी तिनं एसीच्या जाळ्यांत ओढणीचे तुकडे कोंबले होते. फोन शेल्फवर उभा केला आणि आवळेबाईंना व्हिडिओ कॉल लावला. "मॅडम, काहीही झालं तरी बंद करू नका. नुसतं बघा." स्वतःच्या नाकात तिनं कापसाचे बोळे घट्ट बसवले. अंशुमान आत आले. तिनं दाराची कडी लावली आणि टेबलाखाली कुपी फोडली.

"सर्दी झालीय का?" अंशुमान मायेनं म्हणाले.

"हो."

ते खुर्चीत टेकले. पुरस्काराबद्दल बोलू लागले, मग थांबले, टाय सैल केला. कपाळावर घाम आला. बोटं टेबलावर वाजायला लागली. "तू मला इथं का बोलावलंस?" ते म्हणाले, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. "वीस वर्षं तुला पोसलं. गावंढळ कुठली!" त्यांनी टेबल ओलांडून तिच्या थोबाडीत मारली. तिचं डोकं काचेवर आपटलं. ठरवल्यासारखंच चाललंय, असं तिला वाटलं. ती तोंड उघडून खोल श्वास घेत होती, नाक बंद असल्यामुळे.

तोंडावाटे. फुप्फुसातून. फळ्यासमोर वृंदाबाई हेच सांगत होत्या तेव्हा ती 'घुस!' या शब्दाभोवती गोल काढत होती.

काही तरी तुटल्यासारखं झालं नाही. डोळ्यांसमोर अंधारी आली नाही. उलट सगळं लख्ख झालं. अंशुमानच्या गळ्यावरची हलणारी घाटी तिला एवढी स्पष्ट दिसली की तिला दुसरं काही बघावंसं वाटेना. त्यांनी पुन्हा हात उगारला, तो तिनं धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी चावली, दात हाडाला लागेपर्यंत. ते ओरडले. तिनं त्यांचे पिकलेले, सुंदर कापलेले केस मुठीत धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. कडेला लागून दात पडले, ते लाकडावर घरंगळताना वाजले. अंशुमान तिच्या पोटात लाथा मारत होते आणि तिला त्या जाणवत होत्या, पण लांबून आल्यासारख्या. ती त्यांच्या छातीवर बसली. डावा अंगठा तिनं त्यांच्या डोळ्यात घातला आणि दाबला.

शेल्फवरून आवळेबाई किंचाळत होत्या, "मॅडम! सोडा! सोडा त्याला!" काचेबाहेर 'हाकाटी'ची सगळी टीम जमली होती. निम्म्यांनी फोन वर धरले होते. शेवटी हिशेब विभागातल्या एका बाईनं अग्निशामक नळकांडं घालून काच फोडली, बाहेरची हवा आत आली, आणि राजच्या हातातली ताकद उतरली.

अंशुमान वाचले. एक डोळा गेला.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. आवळेबाईंनी कोर्टात शपथेवर सांगितलं की आपण काय पाहिलं. वृंदाबाई अखेर साक्षीला उभ्या राहिल्या. कंपनीच्या कपाटातून मूळ चित्रणही निघालं, 'नाहीच आहे' म्हटलेलं. कोर्टानं म्हटलं की धन्यकुमार चौगुले यांनी ते कृत्य इच्छेविरुद्ध आणि नकळत दिलेल्या द्रव्याच्या अंमलाखाली केलं, सबब ते निर्दोष आहेत. राजमती चौगुलेच्या बाबतीत मात्र 'इच्छेविरुद्ध' म्हणायला जागा नव्हती. कुपी तिनंच फोडली होती. तांबवडीचं बटणही तिचंच. तिला शिक्षा झाली आणि तिनं अपील केलं नाही. भाऊ सुटला, तिला तेवढंच हवं होतं.

तुरुंगात ती शांत झोपायची. बायकांना अर्ज लिहून द्यायची. आपण फेडलं, असं तिला वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस धन्य भेटीला आला. जाळीच्या पलीकडे बसला. वाळला होता. पोरांना शिकवणं त्यानं सोडलं होतं. आई-आप्पा बरे आहेत म्हणाला. विलासच्या घरी जातो, अंगणाच्या आत कुणी घेत नाही, पण जातो म्हणाला.

"आता कशाला तोंड पाडून बसतोस?" राज म्हणाली. "कोर्टानं सांगितलं ना? तो तू नव्हतास."

"सगळी तेच म्हनत्यात. आप्पा, वकील, मुनी महाराजसुदीक. तो तू न्हवतास, तुझं भान गेलतं." त्यानं मान वर केली. "आक्का, त्या दिवशी कोठडीत तू सांगत हुतीस तवा मी गप का बसलो, ठावं हाय? माझं भान गेलं न्हवतं. मला समदं दिसत हुतं. विलास हाय हे दिसत हुतं. त्यो 'धन्या, धन्या' म्हनत हुता ते ऐकू येत हुतं."

बाहेर शिपाईण जांभई देत होती.

"दुसऱ्या कुणाला इचारता येत न्हाई," धन्य म्हणाला. "तुझा त्यो व्हिडिओ मी बघितला. म्हनून तुला इचारतो. खोटं सांगू नगंस, तुला आईची शपथ हाय. त्या मानसाचं डोकं आपटताना... तुला कसं वाटत हुतं?"

वीस वर्षं तिनं शब्द विकले होते. साबणाला, सरबताला, सिमेंटला नेमका शब्द शोधून देणारी बाई ती. आताही तिच्या जिभेवर कितीतरी शब्द आले: भयंकर, अमानुष, परक्यासारखं. यातला एक उचलून दिला असता तर भाऊ बिचारा एकटा घरी गेला असता, आणि ती निर्मळ राहिली असती. तिनं जाळीला कपाळ टेकवलं.

"बरं वाटत होतं, धन्या," ती म्हणाली. "फार बरं वाटत होतं."

धन्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले आणि तो रडायला लागला. विलास गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. राज जाळीतून जेवढी जातील तेवढी बोटं पलीकडे घालून त्याच्या केसांना हात लावायचा प्रयत्न करत राहिली, आणि शिपाईण म्हणाली, "चला, वेळ झाली."